शनिवारची खंडेनवमी

—नाही, ते ‘प्राचीन परंपरा’ काढ. काढच. पोलीस सुपरिंटेंडंट फार तर दोन ओळी वाचेल, त्यातली एक प्राचीन म्हणून कशाला वाया घालवायची. आणि आधी बस. त्या खुर्चीवर नको निमिष, तिला तेलाचे डाग आहेत, तुझी पँट जाईल — हां, इथे. चहा टाकलाय. चिवडा खा, सुलभाताईंनीच पाठवलाय, डबा भरून, मी एकटा किती खाणार, आणि नाही खाल्ला तर त्या विचारतात. मंडळाच्या अध्यक्ष म्हणून विचारतात की मोठी बहीण म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. तर कुठे होतो — दे इकडे, मीच वाचतो. ‘आमचे ज्येष्ठ सभासद विलास हे गेली चौदा वर्षं, दर वर्षी, खंडेनवमीच्या दिवशी आपल्या रायफलीचं विधिवत पूजन करतात. छायाचित्रात दिसतं ते हेच पूजन.’ इंग्रजी छान आहे रे तुझं. खरंच छान आहे. खाली सुलभाताईंची सही, सचिव म्हणून तुझी, आणि ही मोकळी जागा माझी. ‘वरील मजकूर खरा आहे.’ हं. पेन आहे माझ्याकडे, तुझं ठेव. चहा होऊ दे आधी. गुरुवारपर्यंत द्यायचंय ना, आज सोमवार, म्हणजे घाई नाही. तुला बस आहे होय. कितीची — सहाला दहा कमी. मग वेळ आहे. मला मात्र साडेपाचला फोन असतो, नेत्राचा, कॉर्कहून, लेक रोज करते — त्याच्या आत उरकू आपण हे.

आणि असा तोंड पाडून बसू नकोस. फोटो तू काढलास, मंडळाच्या पानावर तू टाकलास, खरं आहे, पण तुला काय माहीत होतं. ‘सातासमुद्रापार शस्त्रपूजन’ — असंच काहीतरी लिहिलं होतंस ना वर. चारशे लोकांनी अंगठे दिले म्हणे. चौथ्या दिवशी पोलीस दारात. तेवढ्यावरून तू आता स्वतःला जबाबदार धरून धावतोयस — पत्रं काय, सह्यांची मोहीम काय, ‘आमच्या श्रद्धेचा आदर करा’ काय. तेवीस वर्षांचा आहेस, तुला शोभतं ते. मला नुसतं ऐकून थकायला होतं. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यानंच होतं हल्ली, कपबशी विसळून थकायला होतं. पण खरं सांगू का, त्या सार्जंटनं काही वाईट वागवलं नाही रे मला. बाई होती, पस्तिशीची असेल, बूट पुसून आत आली. रायफल घेतली, बोल्ट वेगळा पिशवीत घातला, काडतुसं मोजून वेगळी, पावती दिली. म्हणाली, चौकशी संपेपर्यंत आमच्याकडे राहील — ‘यू आर ग्रँड, विलास, सिट डाऊन.’ ठीक आहे म्हणायला इथे सगळे ग्रँडच म्हणतात. मी उभाच होतो म्हणे सगळा वेळ. माझ्या लक्षात नाही.

नियम साधा आहे की. रायफल भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तिसऱ्या माणसाला ठाऊक नाहीत. क्लबच्या रेंजवर जाताना काढायची, आल्यावर ठेवायची. मधे बैठकीच्या खोलीत मांडून चार मोठी माणसं आणि दोन पोरं तिच्याभोवती उभी करायची नाहीत. त्यामुळे त्यांचं काहीच चुकलं नाही. प्रश्न एवढाच आहे की ती बाहेर का होती. पूजेसाठी होती — तर चूक झाली, ताकीद देतील, रायफल परत. पूजेसाठी नव्हती — तर परवान्याचं सर्टिफिकेट रद्द, आणि ती जाईल डीलरकडे नाहीतर भट्टीत. आणि पूजा होती असं सांगणारं हे एवढं एकच पान. हो, कळतं ना मला. म्हणून तर तू एवढ्या पावसात आलास. साखर किती?

तुला ती रायफल आवडली नव्हती ना — खरं सांग. फोटो काढलास पण बोट नाही लावलंस. असू दे, मलाही कुठे आवड होती. मी इथे आयर्लंडात आलो तेव्हा मला बंदुकीतलं एवढंच माहीत की माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी खात्यात. अठ्ठावन्न साली लागले ते रिटायर होईपर्यंत तिथेच. काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, गेजात, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायची — पास, पास, नापास, पास. जन्मभर. स्वतः एक गोळी झाडली नाही त्यांनी. आणि मी इथे आलो तो शोभनाचा नवरा म्हणून. ती हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, मी डिपेंडंट. मी पुण्यात टर्नर-फिटर होतो, इथे येऊन गवत कापायची यंत्रं आणि लाकडाच्या करवती दुरुस्त करायचं दुकान काढलं — तुमच्या कॉलेजच्या वाटेवर होतं बघ, आता तिथे नखं रंगवतात. त्या दुकानात एकदा पॅकी फीनी आला. युवर मॅन पॅकी, आपला तो टोपीवाला, लंगडतो, मागच्या दिवाळीत लाडू खिशात घालून नेले त्यानं. शेतकरी माणूस. करवत घेऊन आलेला. किल्ल्यांच्या जुडग्याला एक रिकामी पुंगळी अडकवलेली. मी सहज उलटी करून बघितली — बुडाला शिक्का, के, एफ, आणि एकसष्ट. किर्की फॅक्टरी. अरे, मी दुकानात खालीच बसलो. स्लायगोत, एका मेंढ्यावाल्याच्या किल्ल्यांना, खडकी. बाबांच्या टेबलावरून गेली असेल असं नाही म्हणत मी, लाखांनी निघायच्या, पण गेली नसेल असंही कुणी सांगू शकत नाही ना. पॅकी तरुणपणी इथल्या राखीव फौजेत होता, थ्री-नॉट-थ्रीवर शिकलेला, मग फौजांनी मोडीत काढलेल्या जुन्या रायफली जमवायचा नाद लागला. त्यानं विचारलं, काय झालं तुला. मी सांगितलं. म्हणाला, रविवारी ये.

मग काय, सगळे रविवार गेले. शोभना म्हणायची, लोकांचे नवरे पबमध्ये जातात, माझा चिखलात पालथा पडतो. रेंज म्हणजे तरी काय — डोंगराच्या पायथ्याला दलदलीतला एक लांब पट्टा. आधी मेंढ्या हाकलायच्या, लाल झेंडा लावायचा, मग ताडपत्रीवर पालथं पडायचं, पोटाखाली पाणी. दोन तासांत दहा गोळ्या. समोर कागद असतो, जिवंत काही नसतं. लोकांना वाटतं मर्दुमकी आहे — कसली मर्दुमकी, अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं, एवढंच काम. बोलत नाही कुणी. मला ते बरं वाटायचं, इंग्रजी बोलावं लागायचं नाही. मग पॅकीनं डीलरकडून ही मिळवून दिली — ईशापूरची, बेचाळीस साली बंगालात बनलेली, कुठल्या कुठल्या फौजांतून फिरून, मोडीत निघून इथे पोचलेली. दस्त्यावर कुणीतरी चाकूनं तीन रेघा मारल्यात. कुणी, कशाच्या, देव जाणे. घरी आणली तर शोभना म्हणाली, आली का, आणखी एक डिपेंडंट.

आणि पॅकीकडे लिलावातून आलेली पाच काडतुसं होती, के एफ एकसष्टच, ती त्यानं मला दिली. ती रोजच्या सरावाची नाहीत. दर वर्षी बाबांच्या तिथीला एक झाडायची — पिंडदान नाही केलं मी इथे, हे केलं. चार वर्षं चार. त्या जुन्या काडतुसांत क्षार असतात, एका दिवसात नळी गंजते, म्हणून घरी आल्या आल्या नळीतून उकळतं पाणी ओतायचं, नरसाळं लावून. शोभना शेगडीवर दोन आधणं ठेवायची, एक चहाचं आणि एक हिचं. चौथ्या वर्षी म्हणाली, बास, शेवटची ठेव. तुझ्या बाबांच्या हातचं काहीतरी घरात असू दे. ठेवली. नेत्रा तेव्हा चौदा-पंधराची, तिनं त्या गोळीला नावच पाडलं — ‘आजोबाज बुलेट’. तिचं मराठी तुला ठाऊक आहे, कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत येतं, त्यात आता कॉर्कचा हेल लागलाय. घे ना चिवडा. मला सांगतोस खातो म्हणून आणि तसाच ठेवतोस, मी बघतोय.

बरं. ‘चौदा वर्षं, दर वर्षी.’ हे चौदा रायफल घेतल्यापासूनचं धरलंस ना. हुशार आहेस. आमच्याकडे खंडेनवमी व्हायची, नाही असं नाही. शोभना करायची. ती प्रेस उघड — कपाटाला इथल्यासारखं प्रेसच म्हणायला लागलोय मी — वरच्या फळीवर, कुंकवाच्या डबीशेजारी — ते गेज काढ. जड आहे ना. झिजलं म्हणून बाद केलेलं, बाबांनी रीतसर अर्ज करून मागून आणलेलं. दोन्ही टोकं बघ. या टोकात पुंगळी बसली पाहिजे, त्या टोकात बसता कामा नये. दोन्हीकडे बसली तरी नापास, कुठेच नाही बसली तरी नापास. शिकाऊ पोरं काय करायची, कोटा पुरा करायला अंगठ्यानं दाबून बसवायची. बाबा म्हणायचे, बसत नसेल तर बसत नाही, दाबून बसवू नको, ती पुढे कुणाच्या तरी तोंडाशी फुटणार आहे. — तर पाटावर ते गेज, माझा पाना, शोभनाचा स्टेथोस्कोप, नेत्राचं त्या वर्षी जे असेल ते, कधी कॅलक्युलेटर, कधी हॉकी स्टिक. रायफल? रायफल कपाटात. शोभनानं देवापुढे कधी येऊ दिली नाही तिला. म्हणायची, ती कुणाकुणाच्या हातात होती माहीत नाही, तिनं काय काय केलंय माहीत नाही, तू जा तिच्याबरोबर रविवारी, माझी ना नाही, पण तिला हळदकुंकू मी नाही लावणार. तिचं असं असायचं, एकदा बोलली की संपलं. म्हणजे — हं. म्हणजे चौदा नाही झाली रे. एक लिही. यंदाची एक.

यंदाचीही खंडेनवमी बुधवारी होती. तुम्ही सोनं द्यायला आलात शनिवारी. बघ, तुझ्याही आत्ता लक्षात येतंय. तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, आणि कसं म्हणणार, आयर्लंडात सगळे सण शनिवारीच येतात, गणपती शनिवारी बसतो, संक्रांत शनिवारी, दिवाळीसुद्धा हॉल मिळेल त्या शनिवारी. त्यामुळे विलासकाकांची खंडेनवमी शनिवारी, कुणाला खटकणार. पण ती दस्त्यावरची हळद — तीन दिवस घासत होतो मी ती, सार्जंट येईपर्यंत. जवसाचं तेल लावून, फडक्यानं, बोटानं. अजूनही एक पिवळा डाग राहिलाय, त्या तीन रेघांच्या खाली. अक्रोडाचं लाकूड आहे ते, ऐंशी वर्षांचं, पिऊन टाकतं ओलं काहीही. मी पॅकीला हात धुवून ये म्हणतो. नेत्रा लहानपणी क्रिस्प्स खाल्लेला हात लावायला आली तर तिला मी नळापाशी पाठवायचो. आणि त्या लाकडावर ओली हळद. शुद्धीत असतो तर लावली असती का मी?

काय?

काही नाही. असंच बोललो. चहा गार होतोय तुझा.

तू बघतोयस माझ्याकडे. बघू नकोस असा. — त्या शनिवारी बेल वाजली, झालं. मला वाटलं पोस्ट. खिडकीतून बघितलं तर सुलभाताई, त्यांचे यजमान, त्यांची सून, तू, ती दोन पोरं, हातात आपट्याऐवजी बीचच्या झाडाची पानं. मी मार्चपासून मंडळात फिरकलो नाही म्हणून तुम्ही घरी आलात, मायेनं आलात, फक्त आधी फोन नाही केलात. रायफल टेबलावर होती. कपाट जिन्याखाली, किल्ली कुठे ठेवली आठवेना, आणि तुम्ही काचेतून हात हलवत होतात. डोकं चालेना. प्रेस उघडली तर समोर कुंकवाची डबी. पाट सापडला नाही, दस्त्याखाली पोळपाट सरकवला — तुझ्या फोटोत पोळपाट आहे, चारशे माणसांना दिसला नाही. हळद नळाखाली चमच्यात कालवली. खिडकीतल्या कुंडीतलं जिरेनियम तोडलं. चाळीस सेकंद लागले असतील. आणि दार उघडून म्हणालो, या, या, बरे आलात, खंडेनवमी चाललीय. सुलभाताईंनी ओल्या कोटावरच हात जोडले. पोरांना म्हणाल्या, चला, नमस्कार करा. ती दोघं वाकली रे. शोभनानं चौदा वर्षं जे केलं नाही ते मी चाळीस सेकंदांत केलं, आणि वर दुसऱ्याची पोरं वाकवली.

आणि आता तुम्ही म्हणता पोलिसांना ब्रीजनं कळवलं. समोरची ब्रीज, बहात्तर वर्षांची. तू पानावर लिहिलंयस, नाव नाही घेतलंस, ‘समोरच्या खिडकीतून आमच्या सणांवर नजर ठेवणारे’ — ती वाचत नसेल मराठी, पण सुलभाताई तिला आता हात करत नाहीत, तेवढं तिला वाचता येतं. शोभना आजारी होती तेव्हा तीन महिने तिनं आमचं सूप केलंय. तिखट नको म्हणून विचारून विचारून केलंय. दर सोमवारी कचऱ्याचा डबा माझ्या दारापर्यंत ओढून आणते, मी उठत नाही वेळेवर म्हणून. परवा मला म्हणाली, विलास, तुझ्या माणसांना माझं काय लागलं. मी म्हणालो, काही नाही, त्यांना पाऊस लागलाय. आज डबा फाटकाशीच ठेवून गेली. दारापर्यंत आली नाही. तू येताना बघितलास ना, अजून तिथेच आहे तो.

ब्रीजनं नाही कळवलं. कुणी कळवलं ते मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती सार्जंट वहीत बघून एकेक विचारत होती, सर्टिफिकेट कुठे, बोल्ट कुठे, सरावाची काडतुसं किती — आणि मग वहीवर बोट ठेवून, जपून उच्चार करत म्हणाली, ‘ॲन्ड व्हेअर इज आजोबाज बुलेट?’ कळलं तुला? पॅकी त्याला नुसतं ‘द लास्ट वन’ म्हणतो. शोभना गेली. जगात एकच माणूस उरलंय जे त्या गोळीला तसं म्हणतं. मी खिशातून काढून दिली. हो, खिशात होती.

लेकीनं बापाच्या घरी पोलीस पाठवले. असं म्हटलं की कसं वाटतं ना ऐकायला. मीही पहिली रात्र तसंच म्हणत बसलो. मग तुझा तो फोटो उघडला, चष्मा लावून, मोठा करून — ती तरी काय करणार. तिनं बघितलं, गेज नाही. पाना नाही, आईचा स्टेथोस्कोप नाही. लाकडावर हळद आहे. आणि जिरेनियमच्या पलीकडे, अर्धी फुलाखाली, ती गोळी. रायफल आणि गोळी एका टेबलावर. सगळ्यांनी पूजा बघितली, तिनं टेबल बघितलं. कॉर्कजवळ रिंगास्किडीला त्या औषधांच्या कारखान्यात तपासणीतच आहे ती — क्वालिटी म्हणतात आता — आजोबांवर गेलीय. तिनं मला विचारलं होतं आधी. रविवारी फोनवर. ‘बाबा, व्हाय इज इट आऊट?’ म्हटलं, पूजा. मग म्हणाली, ‘आर यू ओके?’ म्हटलं, आय ॲम ग्रँड. फेब्रुवारीत शोभना गेली तेव्हापासून रोज साडेपाचला ती विचारते आणि मी ग्रँड म्हणतो. जेवलास का — ग्रँड. झोप लागते का — ग्रँड. रेंजवर गेलास का या आठवड्यात — ग्रँड. आणि आता हे सगळं होऊनही ती रोज फोन करतेय, मला कळलंय हे तिला माहीत नाही, तिनं केलंय हे मला माहीत नाही असं मी दाखवतो, आम्ही हवामानावर बोलतो. कॉर्कला पाऊस आहे, स्लायगोला पाऊस आहे.

मी रायफल साफ करत होतो. असं सांगितलं सार्जंटला, आधी साफसफाई, मग पूजा. खरंच करत होतो. मार्चपासून रेंजवर गेलो नाही मी, एक गोळी झाडली नाही, आणि न झाडलेली रायफल साफ करतोय. पहिल्यांदा आठवड्यातून एकदा, मग रोज दुपारी. हाताला काहीतरी लागतं ना. दुकान गेलं, सूप भरवायला माणूस नाही, हात काय करणार. मग एक दिवस दुसरं कुलूप काढून ती गोळी बाहेर आणली. शिक्का बघायला. बुडाचा. मग तीही रोज. ही इथे, ती तिथे, मधे वीतभर जागा, आणि मी या खुर्चीत. ते तेलाचे डाग बघ, एका दिवसाचे नाहीत ते. काय करत होतो विचारशील तर काही नाही. बसायचो. काय करायचं होतं — माहीत नाही. खरंच माहीत नाही रे मला. ‘छे, भलतंच काय’ असं म्हणता आलं असतं ना, तर बेल वाजल्यावर मी त्या हळदीकडे धावलो नसतो. उघडलं असतं दार आणि म्हटलं असतं, बसा, साफ करतोय. लपवण्यासारखं काही नसतं तर माणूस पोळपाट शोधत नाही.

रडू नकोस. मी रडत नाहीये आणि तू काय रडतोस. नाक पूस, तिथे टिश्यू आहेत.

नाही, सही नाही करणार मी. काय म्हणालास — कुणाला कळणार आहे. कुणालाच नाही. पत्र चांगलं आहे, सुपरिंटेंडंट भला माणूस आहे, रायफल गुरुवारी संध्याकाळी परत या घरात येईल. तेच तर. परत या घरात येईल आणि जिन्याखाली उभी राहील. आणि सुलभाताईंची सही असेल त्याच्यावर, त्या बिचारीनं खरं समजून केलेली. नाही बसत, निमिष. दाबून बसवू नको. गुरुवारी मी पॅकीला घेऊन जाईन — मी गाडी चालवेन, तो नाही — आणि सांगेन, पूजा नव्हती. का होती बाहेर, तर माहीत नाही. माझ्या डॉक्टरला विचारायची परवानगी सर्टिफिकेटच्या अर्जातच दिलेली असते, विचारा म्हणेन, मीही जातोच आहे उद्या तिच्याकडे, अपॉइंटमेंट घेतलीय सकाळी. घेतलीय म्हणजे घेईन. उद्या घेईन. रायफल जाईल, हो. वाईट वाटेल का? वाटेल. चौदा वर्षांचे रविवार आहेत. पण भट्टीत नको, पॅकीला म्हणतो तुझ्या नावावर घेता आली तर बघ, त्याच्या कपाटात जागा आहे. हळदीचा डाग कसा पडला ते त्याला सांगायला लागेल, तेवढंच.

तुझ्या मोहिमेचं काय ते तू बघ. रागावू नकोस, तुझा राग खरा आहे, वापर कुठेतरी, जिथे खरंच कुणावर अन्याय झालाय तिथे. तसं जवळच आहे एक ठिकाण, रस्ता ओलांडून. ते पानावरचं लिहिलेलं आज काढ, इथून बाहेर पडायच्या आधी काढ, आणि समोर जा. फोनवरून नाही, दारात जा. काय सांगायचं — चूक झाली म्हण. त्याच्यावर ती काही विचारणार नाही, आत बोलावेल, केक देईल, बस चुकवेल तुझी. सुलभाताईंना मी सांगतो, त्या पोरांचंही मीच सांगतो, त्या वाकण्याचं. दे तो कागद. जाड आहे चांगला, कॉलेजच्या प्रिंटरवर काढलायस वाटतं. चिवड्याची पुडी होईल याची — बघ, तळ असा दुमडायचा, आमच्या खडकीच्या बाजारात अशीच बांधायचे. घे. ही ब्रीजला दे. तिखट नाही म्हणून सांग, नाहीतर उघडणार नाही ती. आणि जाता जाता तो कचऱ्याचा डबा — नको, राहू दे, तो मी आणीन.

किती वाजले? पाच एकोणतीस. मग निघ तू. नाही, थांबू नकोस, थांबून काय करणार आहेस, माझ्या तोंडाकडे बघत बसशील आणि मी पुन्हा हवामानावर जाईन. मी ठीक आहे असं म्हणत नाही, पण एकटा फोन उचलता येतो मला अजून. टोपी घाल. ते गेज इथेच ठेव टेबलावर, प्रेसमध्ये नको. — आला बघ. जा. दार नुसतं ओढून घे, लॅच आपोआप लागतं. जा म्हटलं ना.

हॅलो. हां, नेत्रा. — नाही गं. आज नाही ग्रँड.